घर स्वस्त, टपाल महाग

माझा ब्लॉग ज्या सर्व्हरवर राहतो त्याचं भाडं महिन्याला पाचशे रुपयांच्या आसपास आहे. डोमेनच्या नावाला वर्षाकाठी हजारभर रुपये जातात. ब्लॉग चालवणारं सॉफ्टवेअर मुक्त आहे, ते कोणालाही फुकट मिळतं. आणि नवा लेख लिहून झाला की तो वाचकांना ईमेलने धाडायचा, या एवढ्या एका कामासाठी मला जो दर सांगितला जातो तो महिन्याला पस्तीस डॉलर. कर आणि कार्डाचं शुल्क धरलं की साडेतीन हजार रुपयांच्या पुढे. राहण्याच्या खर्चाच्या सातपट खर्च पत्र पाठवण्याचा. हा हिशोब मी अनेकदा नव्याने मांडून पाहिला आहे आणि दर वेळी तो तेवढाच अन्यायाचा वाटला आहे.

मी सह्याद्रीतल्या देवरायांबद्दल लिहिते. कोणत्या राईत अजून गारंबीची जुनी वेल आहे, कुठे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी भलाथोरला बेहडा पाडला, कोणत्या गावाने ठराव करून कुऱ्हाडबंदी पुन्हा लागू केली, अशा गोष्टी. वाचक साडेसहाशेच्या घरात. काही वनखात्यातून निवृत्त झालेले, काही शाळामास्तर, काही त्या त्या गावांतून मुंबईला किंवा त्याहून लांब गेलेले. ही माणसं रोज उठून ब्लॉग उघडणारी नव्हेत. लेख मेलमध्ये आला तर वाचतात, आणि वाचला की उलट लिहितात. आमच्या राईत पूर्वी पाण्याचा झरा होता, तो कधी आटला, कोणी बुजवला, हे मला अशाच उत्तरांतून कळलेलं आहे. पुढचा लेख कित्येकदा मागच्या लेखाला आलेल्या उत्तरातून निघतो. त्यामुळे ईमेल ही माझ्या लेखी प्रसिद्धीची सोय नाही. लेखनाचंच ते एक अंग आहे, आणि ते तोडलं तर उरलेलं लिहिणं एकतर्फी होतं.

आता त्या पस्तीस डॉलरांत काय मिळतं ते पाहा. महिन्याला पन्नास हजार पत्रं पाठवायची मुभा. माझा एक लेख म्हणजे साडेसहाशे पत्रं. अगदी दर आठवड्याला लिहिलं तरी महिन्याची सव्वीसशे. म्हणजे मी ज्याचे पैसे भरायचे त्यातला साधारण वीस भागांतला एकच भाग मला लागतो. आणि दर आठवड्याला मी लिहीत नाही. राईत जाऊन यावं लागतं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसावं लागतं, झाड ओळखायला फुलोरा येईपर्यंत थांबावं लागतं. कधी महिन्यात दोन लेख होतात, कधी दोन महिन्यांत एकही नाही. मासिक योजनेला त्याच्याशी कर्तव्य नसतं. मी गप्प असले तरी बिल येणारच.

मराठीत या जातीच्या प्रकाशनाची परंपरा मोठी आहे. अनियतकालिकं. १९५४ साली मुंबईत 'शब्द' निघालं ते सायक्लोस्टाइल करून. पुढच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो' आलं. जमेल तेव्हा काढायचं, सांगण्यासारखं असेल तेव्हाच काढायचं, हा त्या चळवळीचा कणा होता. नियमितपणा हा गुण आहे, पण लिहिणाऱ्याचा तो एकमेव गुण नव्हे, हे मराठी वाचकाने तेव्हापासून मान्य केलेलं आहे. ईमेल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या दरपत्रकात मात्र अनियतकालिकाला रकानाच नाही. तिथे ग्राहक म्हणजे दुकान: दिवसभर पावत्या पाठवणारं, सणाला सवलतीची पत्रं लाखांनी सोडणारं. त्या मापाने कापलेला सदरा माझ्या अंगावर चढवला जातो आणि कापडाचे पूर्ण पैसे मागितले जातात.

मग स्वतःच्याच सर्व्हरवरून का नाही पाठवायची पत्रं, असा प्रश्न कोणालाही पडेल. पडायलाच हवा, कारण ईमेलची मूळ रचना तशीच आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने अर्पानेटवरच्या एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र पाठवून पाहिलं आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव यांच्या मधे ते 'ॲट'चं चिन्ह ठेवलं. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेलने पत्र पोहोचवण्याचे नियम एका दस्तऐवजात लिहून काढले. एसएमटीपी म्हणतात ते हेच. ते नियम वाचताना मला आजही आनंद होतो. एक सर्व्हर दुसऱ्याचं दार वाजवतो, आपलं नाव सांगतो. पत्र कोणाकडून आलंय ते सांगतो, कोणाला द्यायचंय ते सांगतो. समोरचा प्रत्येक वाक्याला २५० हा आकडा म्हणतो, म्हणजे 'ठीक, पुढे बोला'. मग मजकूर जातो, आणि शेवटी एका ओळीवर एकटं टिंब आलं की पत्र संपलं. कुठेही परवाना नाही, मध्यस्थ नाही, शुल्क नाही. जगातल्या कोणत्याही सर्व्हरने कोणत्याही सर्व्हरशी सरळ बोलावं, एवढी मोकळी ती रचना आहे. त्यात एकच गोष्ट गृहीत धरलेली: बोलणारा आपलं नाव खरं सांगतो.

हा मोकळेपणा किती नाजूक आहे याची चुणूक त्या नियमांच्याही आधी दिसलेली होती. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. लोक संतापले. पण पाठवणाऱ्याला एक पत्र आणि चारशे पत्रं यांचा खर्च जवळजवळ सारखाच पडतो, हे त्या दिवशी उघड झालं. पुढे जाळं सर्वांना खुलं झालं आणि तो कचरा कोटींनी वाहू लागला. आज आपण जे काही भोगतो आहोत त्याचं मूळ तिथे आहे, आणि हे मी पुरतं मान्य करते. दारं उगाच बंद झालेली नाहीत.

ती एकेक करून बंद झाली. १९९८ मध्ये स्पॅमहॉस ही संस्था सुरू झाली आणि कचरा पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या वाढत गेल्या. मग पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याच्या तीन रीती आल्या. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक जाहीर करतो की माझ्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार अमुक यंत्रांनाच आहे. डीकेआयएममध्ये प्रत्येक पत्रावर गणिती मोहोर बसते, ती वाटेत कोणी मजकूर बदलला तर तुटते. आणि डीमार्क सांगतं की या दोन्ही कसोट्यांना न उतरलेल्या पत्राचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी या गोष्टींची सक्ती केली. दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्याला तिन्ही रीती आणि एका टिचकीत नाव काढून घ्यायची सोय बंधनकारक झाली. माझ्यासारख्या छोट्या पाठवणाऱ्यालाही ओळख पटवावी लागतेच.

इथवर माझी काहीच तक्रार नाही. एक संध्याकाळ बसून, कागदपत्रं नीट वाचून ही तिन्ही कामं कोणालाही करता येतात, आणि ती केल्यावर आपल्या पत्रावर आपली मोहोर बसल्याचं समाधानही मिळतं. ओळख पटवा, ही मागणी रास्त आहे. अडचण पुढची आहे. ओळख पटली म्हणजे पत्र पोहोचलं असं होत नाही. यंत्राच्या पत्त्याला पत असावी लागते. आणि नव्या पत्त्याला पत नसते. ज्याची काहीच माहिती नाही त्याच्यावर संशय, हा आता सगळ्या मोठ्या मेलपेट्यांचा पाया आहे. त्यातून स्वस्त सर्व्हर ज्या पत्त्यांच्या पट्ट्यात मिळतात तिथे आधी कोणीतरी कचरा पाठवून गेलेला असतो, आणि त्याची बदनामी नव्या भाडेकरूच्या वाट्याला येते. हे सगळं व्हायच्या आधी एक पायरी असते: पत्र बाहेर जायचं जे दार आहे, पंचवीस क्रमांकाचं पोर्ट, ते मोठ्या क्लाउड कंपन्या नव्या ग्राहकाला मुळात बंदच करून देतात. २०२२ साली स्पेनमधल्या एका संगणक अभियंत्याने, तेवीस वर्षं स्वतःचा मेल सर्व्हर चालवून, आता आपण हे सोडतो आहोत असं जाहीर लिहिलं तेव्हा जगभरातल्या अशा माणसांमध्ये त्याची बरीच चर्चा झाली. तांत्रिक ज्ञानाची त्याला वाण नव्हती. त्याची पत्रं मोठ्या कंपन्यांच्या पेट्यांपर्यंत पोहोचेनात, एवढंच कारण होतं.

आणि पत मोजायची तरी कशी? वाचकांनी 'हे स्पॅम आहे' म्हणून कळवलेल्या पत्रांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं गुगल सांगतं. पन्नास लाख पत्रं पाठवणाऱ्याला हे प्रमाण म्हणजे पंधरा हजार तक्रारी. साडेसहाशे पाठवणाऱ्याला ते दोन माणसांवर येऊन थांबतं. गाडीत हिंदकळताना बोट चुकून दुसऱ्याच बटणावर पडलेली दोन माणसं. टक्केवारी सगळ्यांना सारखी लावली तर ती न्यायाची होते असं वरवर वाटतं. लहान आकड्यावर ती फार कठोर होते.

म्हणून कंपनीकडे जावं लागतं. ती विकते ते पत्र पाठवणं नव्हेच. पाठवायला माझा सर्व्हर समर्थ आहे. ती आपली पत भाड्याने देते. तिच्या यंत्रांकडून आलेलं पत्र मोठ्या पेट्या आत घेतात, माझ्या यंत्राकडून आलेलं घेत नाहीत. मजकूर तोच, मोहोर तीच, मागणारा वाचकही तोच. पत टिकवायला कंपनीला माणसं ठेवावी लागतात, कचरा पाठवणारे ग्राहक हाकलावे लागतात, मोठ्या पेट्यांशी बोलणं ठेवावं लागतं. याला किंमत असणारच आणि ती मी आनंदाने देईन. माझं म्हणणं किमतीच्या आकाराबद्दल आहे. पत्रागणिक दर घ्या. महिन्याचं भाडं कशासाठी?

टपालाचा इतिहास वाचला की हा प्रश्न जास्तच टोचतो. १ ऑक्टोबर १८५४ रोजी हिंदुस्थानात टपालाचा एकसारखा दर लागू झाला: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. त्याआधी लांबच्या पत्राला जास्त पैसे पडत. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला. सरकार परकं होतं, त्याचे हेतू त्याच्यापाशी. पण दराची ती रीत आजही मला ऐकताना हलवून जाते. दर जाहीर असायचा. तो पत्रागणिक असायचा. वर्षातून एकच पत्र लिहिणारी विधवा आणि रोज शंभर लिहिणारी पेढी, दोघांनाही तिकीट एकाच किमतीचं. ज्या महिन्यात पत्र नाही त्या महिन्यात खर्च नाही.

त्याहून मोठी गोष्ट १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात होती. वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं यांना टपालात सवलत होती, आणि ती मिळवण्यासाठी कायद्याने दोन मुख्य अटी घातल्या होत्या: अंक एकतीस दिवसांच्या आत निघायला हवा, आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी. या सवलतीच्या दराने कितीतरी मराठी साप्ताहिकं आणि मासिकं खेडोपाडी गेली. पुढे अनेक वर्षं पन्नास ग्रॅमपर्यंतच्या अंकाला पंचवीस पैसे एवढाच दर होता. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेली 'साधना' असो की तालुक्याच्या गावचं एखादं चार पानी साप्ताहिक, वेष्टनावर नोंदणीचा क्रमांक छापलेला असे आणि त्या क्रमांकाच्या जोरावर अंक पोस्टमनच्या झोळीतून थेट शेवटच्या वाडीपर्यंत जाई. अनियतकालिकांना एकतीस दिवसांच्या अटीमुळे हा लाभ बहुधा होत नसे. पण साधं तिकीट लावून ती जात होतीच.

वर्गणीदारांची खरी यादी. यावर मी खूप विचार केला आहे. ज्या माणसांनी स्वतःहून 'मला हे वाचायचंय' म्हणून नाव दिलं, त्यांची यादी असणं ही त्या कायद्याच्या दृष्टीने सवलतीची पात्रता होती. कारण अशी यादी म्हणजे पाठवणारा समाजाच्या काही उपयोगाचा आहे याचा पुरावा. आजच्या अनेक ईमेल-सेवांत नेमकी हीच यादी किंमत वाढवते. वाचक वाढले की वरची पायरी, वरची पायरी म्हणजे जास्त भाडं. आनंदाने नाव नोंदवणारा प्रत्येक नवा वाचक छोट्या लेखकाच्या डोक्यावर खर्च म्हणून येतो. देवरायांवरचा एखादा लेख कोणी वर्तमानपत्रात उल्लेखला आणि आठवड्यात शंभर नावं आली तर मला आनंद व्हायला हवा. तो होतोही, पण त्याच्या शेजारी बेरीज उभी असते, आणि लिहिणाऱ्या कोणाच्याही मनात ती शेजारी उभी असू नये असं मला मनापासून वाटतं.

एका बाबतीत मात्र नवं टपाल जुन्यापेक्षा उदार आहे. ईमेलचा दर वजनावर ठरत नाही. संगणकात इंग्रजीचं एक अक्षर एक बाईट जागा घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. 'की' लिहिलं तर क आणि वेलांटी मिळून सहा. तोळ्यावर दर असता तर मराठी पत्राला तिप्पट तिकीट लागलं असतं. तरी जीमेल साधारण १०२ किलोबाईटपुढचा मजकूर कापतं आणि 'पूर्ण पत्र पाहा' असा दुवा देतं. त्या कात्रीत मराठी लेख इंग्रजीपेक्षा कितीतरी लवकर सापडतो. दीर्घ लेख लिहिणाऱ्या मराठी माणसाने हे लक्षात ठेवावं.

फुकटची दारं होती, आणि ती ज्या पद्धतीने मिटली तो अनुभव मराठी ब्लॉगलेखकांना चांगला माहीत आहे. ब्लॉगस्पॉटवरच्या कितीतरी मराठी ब्लॉगांच्या कडेला एक छोटी चौकट असायची: तुमचा ईमेल इथे लिहा, नवा लेख घरपोच मिळेल. त्या चौकटीमागे फीडबर्नर होतं, जे गुगलने २००७ मध्ये विकत घेतलं होतं. जुलै २०२१ मध्ये त्याची ईमेल सेवा गुगलने बंद केली. ज्यांनी वाचकांचे पत्ते वेळेत उतरवून घेतले त्यांच्याकडे यादी राहिली. बाकीच्यांचे वर्षानुवर्षांचे वाचक तिथेच सुटले, आणि असे काही ब्लॉग पुढे मंदावले. त्याआधी जुलै २०१३ मध्ये, अनेक ब्लॉगांचे नवे लेख एका ठिकाणी दाखवणारं गुगल रीडर बंद झाल्यावर त्यातून वाचणारा वाचक विखुरला होता. म्हणजे वाचकाकडे जायच्या दोन वाटा आठ वर्षांत गेल्या, आणि दोन्ही एकाच कंपनीच्या हातात होत्या.

पाठवणाऱ्या कंपन्यांचंही तसंच. मँड्रिल ही सेवा फुकटात बरीच पत्रं पाठवू देत असे. २०१६ मध्ये ती मेलचिंप या तिच्या मालक-कंपनीच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांपुरती उरली. सेंडग्रिडची दिवसाला शंभर पत्रांची फुकट योजना २०२५ मध्ये बंद झाली. मधल्या काळात मालक बदलत राहिले. फोनवरचे संदेश पोहोचवणाऱ्या ट्विलिओने २०१९ मध्ये सेंडग्रिड घेतली, स्वीडनच्या सिंचने २०२१ मध्ये मेलगन, आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या इंट्युइटने त्याच वर्षी मेलचिंप, सुमारे बारा अब्ज डॉलरांना. एवढी रक्कम मोजून घेतलेली वस्तू छोट्या लेखकांसाठी चालवली जाणार नाही हे उघड आहे. कोणी फसवलं असं मी म्हणत नाही. फुकट दिलेलं काढून घ्यायचा त्यांना हक्क होता. पण जिथे दर जाहीर, स्थिर आणि सर्वांना सारखा असावा अशी अपेक्षा दीडशे वर्षं होती, तिथे आता दर नव्या मालकाच्या पुढच्या तिमाहीवर अवलंबून आहे.

भारतातून पैसे भरणाऱ्याला आणखी एक ओझं आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दर डॉलरात, त्यावर अठरा टक्के जीएसटी, त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. रुपया घसरला की माझं टपाल महाग, माझ्या वाचकांची संख्या तीच. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला नवे नियम लावले. ग्राहकाच्या रक्षणासाठी ते योग्यच होते, आणि त्यातली चोवीस तास आधी सूचना देण्याची अट मला मनापासून पटते. पण अनेक परदेशी कंपन्यांनी त्या नियमांशी जुळवून घेतलं नाही, आणि भारतीय कार्डावरची मासिक वसुली अडू लागली. वसुली अडली की खातं थांबतं. खातं थांबलं की गुरुवारी निघायचं पत्र निघत नाही, आणि चिपळूणचे एक निवृत्त वनपाल फोन करून विचारतात, तब्येत बरी आहे ना तुमची?

पत्रागणिक दर अस्तित्वातच नाही असं नाही. ॲमेझॉनने २०११ मध्ये सुरू केलेल्या सेवेचा दर हजार पत्रांना दहा सेंट आहे. या दराने माझी महिन्याची सव्वीसशे पत्रं पंचवीस रुपयांच्या आसपास जातात. पंचवीस रुपये आणि साडेतीन हजार रुपये, एकाच कामाचे हे दोन भाव आज एकाच वेळी बाजारात आहेत. मग तिकडे सगळे का जात नाहीत? एक तर तिथे नव्या खात्याला दिवसाला दोनशे पत्रं, आणि तीही आधी पडताळलेल्या पत्त्यांनाच, अशी मर्यादा असते. ती उठवायला अर्ज करून आपला हेतू पटवून द्यावा लागतो. ते समजण्यासारखं आहे. दुसरं, ती सेवा इंजिनिअरांसाठी बांधलेली आहे. कळा, परवानग्या, परत आलेल्या पत्रांची नोंद, हे सगळं स्वतः जोडावं लागतं. मराठी शाळेत विज्ञान शिकवून संध्याकाळी पक्ष्यांवर ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाला हे एकट्याने जमेल अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

आणि तिसरं कारण मला सगळ्यांत जास्त लागतं. माझ्या ब्लॉगचं मुक्त सॉफ्टवेअर साधी पत्रं, म्हणजे नाव नोंदवल्याची पोच किंवा प्रवेशाचा दुवा, कोणत्याही मार्गाने पाठवू देतं. सर्व वाचकांना जाणारं पत्र मात्र ते एकाच कंपनीमार्फत पाठवतं. सॉफ्टवेअर माझं, सर्व्हर माझा, यादी माझी, आणि बाहेर पडायला फाटक एकच. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांनी वर्षानुवर्षं खपून एक सुंदर गोष्ट जगाला दिली आहे. म्हणूनच मला हे त्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं की मुक्त सॉफ्टवेअरमधली ही एक बंद जागा सगळ्या मोकळेपणाची किंमत वसूल करते. कोणतीही एसएमटीपी सेवा जोडता यावी, हळूहळू पाठवलं तर चालेल, अहवालातले तक्ते नसले तरी चालतील. किती वाचकांनी पत्र उघडलं हे मोजणाऱ्या अदृश्य चित्राची मला गरज नाही. माझा वाचक कधी वाचतो हे त्याचं त्याला माहीत असावं.

आपल्याकडच्याही एका शक्यतेबद्दल लिहिलं पाहिजे. चेन्नईच्या झोहोची झेप्टोमेल नावाची सेवा आगाऊ पैसे भरून पत्रागणिक चालते, आणि तिथे रुपयांत पैसे भरता येतात. मला हवं तसं जवळजवळ सगळं तिच्यात आहे. पण ती पावत्या, पोच, ओटीपी अशा व्यवहाराच्या पत्रांपुरती आहे. एकाच वेळी सगळ्या वाचकांना जाणारी लेखपत्रं तिच्यात बसत नाहीत. ज्या देशात रुपयांत, आगाऊ भरून, मासिक भाड्याशिवाय मोबाईल वापरण्याची सवय घराघरांत आहे, त्या देशात वाचकांची खरी यादी असलेल्या लेखकाला त्याच रीतीने हजार पत्रं विकत घेता येऊ नयेत, याला कोणतंही तांत्रिक कारण मला दिसत नाही. लेखकाची यादी तपासा, प्रत्येक नाव वाचकाने स्वतः पुष्टी करून दिलेलं आहे का पाहा, तक्रारी आल्या तर खातं थांबवा. या सगळ्या अटी मी पाळीन.

मित्र म्हणतात, हा सगळा व्याप सोड आणि सबस्टॅकवर जा. तिथे फुकट पत्राला पैसे पडत नाहीत. वर्गणी घेतली तरच दहा टक्के द्यायचे. किंवा व्हॉट्सॲपवर दुवा टाकत जा. अनेक चांगले मराठी लेखक हे दोन्ही करतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. पण फीडबर्नरचं काय झालं ते मी पाहिलं आहे. देवरायांची जी माहिती या लेखांत आणि त्यांना आलेल्या उत्तरांत साठली आहे ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही. ती सांगणारी काही माणसं आता नाहीत. ती एखाद्या कंपनीच्या बदलत्या मर्जीवर ठेवायची माझी तयारी नाही, म्हणून ब्लॉग माझ्या जागेवर आहे आणि तिथेच राहणार आहे.

सध्या माझी पत्रं त्या पत्रागणिक दराच्या स्वस्त सेवेतूनच जातात. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात काही स्वयंसेवकांनी त्यासाठी छोटे पूल लिहून ठेवले आहेत. त्यांतला एक एका ओळखीच्या तरुणाने माझ्या सर्व्हरवर बसवून दिला. दर वेळी मूळ सॉफ्टवेअर बदललं की पूल डगमगतो आणि तो बिचारा पुण्याहून रात्री बसून तो सावरतो. तो आहे म्हणून मी लिहू शकते. ज्यांच्याजवळ असा कोणी नाही त्यांनी काय करायचं, हे मला त्या कंपन्यांना आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना विचारायचं आहे. पावसाळ्यात राईकडच्या वाटा चिखलाने बंद होतात, ओढे चढतात, मी कुठे जात नाही आणि फारसं लिहीतही नाही. त्या महिन्यांचं टपालाचं बिल शून्य असलं पाहिजे, माझंही आणि असं जमेल तेव्हा लिहिणाऱ्या प्रत्येकाचंही.